दोन खोटे भोंगे

चाचांनी माझ्याशी कधी घासाघीस केली नाही, म्हणून ते माझ्याकडून कधी हरलेही नाहीत. मी एक भाव सांगायचा, ते गप्प. मी थोडा उतरायचो, ते गप्प. मी चिडून म्हणायचो, "अहो काहीतरी बोला!" मग ते मान वर न करता विचारायचे, "खरं किती?" बास. त्या दोन शब्दांनी जो संताप यायचा तो हे लिहितानाही कानशिलात जाणवतो.

एका दिवशी सकाळी साडेअकरापासून दुपारी पावणेतीनपर्यंत, महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सायकल शेडमध्ये बसून मी त्यांची एक सही मिळवायचा प्रयत्न करत होतो. कागदावर माझी सही झाली होती. चाचणी करणारा म्हणून त्यांची हवी होती. ती झाली असती तर कारखान्याचं काम मंजूर होत होतं, आणि त्या कामावर डोळा ठेवून शेजारच्या तीन कारखान्यांचे मॅनेजर तिथे आलेले होते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून नववी नापास होऊन खाली उतरलेल्या, मोटारी रिवाइंड करत करत स्वतःचं दुकान उभं केलेल्या माणसाला असा दिवस आयुष्यात एकदा येतो. पेन माझ्या हातात होतं. मी ते त्यांच्यापुढे धरलं होतं आणि ते छपराकडे बघत होते.

पण माणूस कसा होता ते आधी सांगायला हवं. नाहीतर माझा राग म्हणजे नुसती तक्रार वाटेल.

चाचा महाडचेच. आखातात एका तेल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी वीस वर्षं काढली. परत आले तेव्हा लोकांनी सोनं आणलं का विचारलं. त्यांनी आणली होती इंग्रजी पुस्तकं, दोन खोके भरून. गावात कुणाला त्यांचा उपयोग कळेना. मला कळला. मी नुकते दोन संगणक घेतले होते आणि कारखान्यांना हवी तशी पानं बनवून देणारा माणूस शोधत होतो; चाचांना दुकानात बसवलं. ब्राउझरमध्ये उघडणारं पान, त्याच्यात जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम, त्याला जोडलेली यंत्रं. असलं काम ब्राउझरवर टाकायचं नसतं हे आज मला कळतं. तेव्हा छोट्या कारखान्यांना स्वस्तात तेवढंच परवडायचं आणि मी तेवढंच विकायचो.

चाचांचा सगळा स्वभाव एका वाक्यात होता. ते म्हणायचे, "एका वेळी एकच खरं. बाकी सगळं खोटं." म्हणजे एखादी गोष्ट तपासायची तर तेवढीच खरी ठेवायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं आपल्या हातातलं, आपण सांगू तसंच वागणारं, खोटं लावायचं. मग बिघाड झाला तर तो त्या एका गोष्टीचाच.

हे नुसतं कामापुरतं असतं तर मी सहन केलं असतं. दुकानासमोरच्या चहावाल्याला ते एकदा म्हणाले, "चहा बिघडलाय." चहावाला म्हणाला, "तोंड बिघडलं असेल." झालं. चाचांनी घरून दूध आणलं आणि त्याला म्हणाले, दूध माझं, बाकी तुझं, कर. प्यायले. मग पावडर त्यांची, बाकी त्याची. मग साखर. चौथ्या वेळी त्यांनी पाणी आणलं. चहावाला पातेलं आपटत होता आणि माझी गिऱ्हाइकं दुकान सोडून तिथे उभी राहिली होती. पाण्याचा चहा प्यायल्यावर चाचा म्हणाले, "टाकी धू." टाकीत मेलेलं कबूतर निघालं. चहावाल्याने पुढे महिनाभर त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि महिनाभर त्यांच्याशी बोललाही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबलेली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलीचं बी.एड. अर्धं होतं. ते पूर्ण झाल्याशिवाय लग्न नाही, हे मुलाच्या वडिलांना सांगायचं होतं आणि चाचांना त्याची धास्ती होती. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तू मुलाचा बाप."

माझ्यासमोर टेबलावर त्यांनी तीन चिठ्ठ्या ठेवल्या. एकीवर 'बरं', दुसरीवर 'नाही', तिसरीवर 'विचार करून सांगतो'. म्हणाले, "मी बोलून झाल्यावर पहिली चिठ्ठी वाचायची. बास."

ते बोलले. मुलगी हुशार आहे, एकच वर्ष राहिलंय, वगैरे. आवाज कापत होता. आता मी आयुष्यभर समोरच्याचा कापणारा आवाज ऐकून भाव ठरवत आलेला माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक वर्ष थांबायचं तर मग लग्न आमच्या गावात, आणि जेवणाचं सगळं तुमच्याकडे."

चाचा ताडकन उठले. "तुला चिठ्ठी दिलीय ना?"

"अहो, खरा बाप असंच म्हणेल!"

"तो काय म्हणेल ते त्याच्याकडून ऐकीन. तू खोटा हायस. खोट्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाय. मला आता माझा आवाज तपासायचाय. तुझा कशाला तपासू?"

परत पहिल्यापासून केलं. तीनही चिठ्ठ्या झाल्या. दोन तास गेले. शेवटी 'नाही' ऐकूनही त्यांचा आवाज कापेना, तेव्हा ते टोपी घालून मुलाच्या घरी गेले. मुलीचं बी.एड. झालं, लग्नही झालं. मला बोलावणं होतं. जेवणाच्या पंगतीत मुलाच्या वडिलांकडे बघून मी विचारलं, "काय म्हणाले हो हे तेव्हा?" चाचा म्हणाले, "बरं म्हणाले. तुझ्यापेक्षा चांगला माणूस हाय."

आता कारखान्याचं काम.

त्यांना हवं होतं ते साधं होतं. रसायनाच्या टाकीचं तापमान कंट्रोल रूममधल्या संगणकावर दिसावं. ते मर्यादेबाहेर गेलं, म्हणजे गळतीचा धोका आला, की भोंगा वाजावा आणि वाजतच राहावा. तो ऐकून भिंतीपलीकडच्या बिरवाडीच्या लोकांनी शाळेच्या मैदानात जमावं आणि कारखान्यातल्यांनी गेटबाहेर पडावं. पाळीचा भोंगाही त्याच संगणकाने वाजवायचा होता. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा, प्रत्येक वेळी अर्धं मिनिट. कामाच्या कागदावर दोन भोंगे लिहिलेले होते. एक पाळीचा, बॉयलरच्या छपरावर. एक गळतीचा, बिरवाडीच्या बाजूच्या भिंतीवर.

माझा थोरला भाऊ त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता आणि वहिनीसह बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होता. त्यामुळे काम माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. भाव ठरवताना ते उपयोगी पडे.

चाचांनी कामाचे तुकडे पाडले. एक फाइल तापमान वाचणारी, एक भोंग्याला हुकूम देणारी. मध्ये निर्णय घेणाऱ्या दोन फाइली, एक गळतीची आणि एक पाळीची. गळतीची फाइल तपासायची तर टाकी खरोखर तापवायची का? म्हणून ते तापमानाच्या खऱ्या फाइलीच्या जागी खोटी जोडत. तिच्यातली फंक्शनांची नावं तीच, पण आत एवढंच की पहिल्यांदा विचारलं तर चौऱ्याऐंशी सांग, दुसऱ्यांदा विचारलं तर शहाऐंशी. मर्यादा पंचाऐंशी. भोंगाही खोटा. तो वाजत नसे. त्याला कधी 'वाज' म्हटलं, कधी 'थांब' म्हटलं, किती वेळा म्हटलं, तेवढं तो लक्षात ठेवी. शेवटी चाचा त्या खोट्या भोंग्याची साक्ष काढत. जुळलं तर चाचणीच्या पानावरची त्या गोष्टीची ओळ हिरवी, नाहीतर लाल.

एक ओळ कित्येक दिवस लाल राहिली. मर्यादा ओलांडली की 'वाज' हा हुकूम एकदाच गेला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो दर सेकंदाला जात होता.

"गेला दहादा तर काय बिघडलं?" मी म्हणालो. "वाजतोच आहे ना?"

"घाबरलेला माणूस दहादा सांगतो. यंत्राने एकदाच सांगायचं."

त्या एका ओळीसाठी चार दिवस गेले. मी रोज ओरडायचो. पाचव्या दिवशी ओळ हिरवी झाली आणि चाचा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. दात छान होते त्यांचे.

त्याच चार दिवसांत मी मुंबईला जाऊन भोंगा आणला. भोंगे नाही, भोंगा. बंद पडलेल्या एका गिरणीचा होता, लोहार चाळीत एका भंगारवाल्याकडे पडून होता. मी त्याला हात लावून बघितला आणि दुसऱ्या कशाकडे बघवेना. नवे दोन घेतले असते तर दोन्ही मिळून याच्या अर्ध्याही आवाजाचे नव्हते. भंगारवाल्याशी मी सकाळपासून जेवणापर्यंत भांडलो, निघून गेलो, परत आलो, आणि माझ्या भावात उचलला. तसा सौदा मी पुन्हा केला नाही. कारखान्यात बॉयलरच्या छपरावर तो चढवला आणि दोन्ही हुकुमांच्या तारा त्या एकालाच जोडल्या. मला वाटलं, भोंगा वाजल्याशी कारण. आणि हा वाजला की लांबच्या सव गावापर्यंत ऐकू जाईल.

चाचांना मी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

त्या दिवशी अकरा वाजता गळतीची तालीम झाली. ऑपरेटरने संगणकाला खोटं तापमान भरवलं, पडदा लाल झाला, आणि गिरणीचा भोंगा असा उठला की शेजारच्या मॅनेजरांपैकी एकाच्या हातातला चहा बशीत सांडला. बिरवाडीची माणसं मैदानात जमली. बटण दाबून भोंगा थांबवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याचे मॅनेजर साहेब पुण्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी कागद काढला. मी सही केली.

चाचा म्हणाले, "पाळीचा ऐकवा."

ऑपरेटरने पाळीचा वाजवला. तोच आवाज, त्याच दिशेने. चाचांनी मान वर केली. दाराबाहेर गेले, छपराकडे बघितलं, मग बिरवाडीच्या भिंतीकडे. तिथे काहीच नव्हतं. परत येऊन साहेबांना म्हणाले, "सही तीन वाजता करतो. पाळी बदलताना ऐकायचंय."

"जरूर," साहेब म्हणाले. "पाहुणे जेवून घेतील तोपर्यंत."

तिथून सायकल शेड.

"एकच आहे, पण गिरणीचा आहे," मी म्हणालो. "तुमच्या दोघांचा बाप आहे तो."

"मोठा हाय. पण एक हाय."

"मग?"

"माझ्याकडे दोन खोटे होते. पाळीच्या फाइलीने 'थांब' म्हटलं की पाळीचा थांबायचा. गळतीच्या भोंग्याला त्याचं काय? तो वेगळाच. आता दोघांच्या तारा एकाला. गळतीचा वाजत असताना पाळीने 'थांब' म्हटलं, की संपलं."

"गळतीची फाइल परत वाजवेल की!"

"नाय वाजवणार." ते शांतपणे म्हणाले. "एकदाच सांगते ती. चार दिवस बसून मीच तिला तशी केलीय."

मी तोंडाने हिशेब मांडायला लागलो, ती माझी सवय. दिवसातून तीनदा, अर्धं अर्धं मिनिट. गळती काय नेमकी तेव्हाच व्हायला बसलीय?

"गळती आधी झालेली असेल ना रे. दहा मिनिटं आधी, वीस मिनिटं आधी. वाजत असेल, लोक मैदानात असतील. आणि तीन वाजून अर्ध्या मिनिटाने गप्प."

"आठ दिवसांत दुसरा लावतो. शब्द देतो. आज सही करा."

"आठ दिवसांनी करतो."

"चार दिवसांत लावतो."

गप्प.

"परवा! परवा संध्याकाळपर्यंत. आता बोला."

ते छपराकडे बघत राहिले. मी त्यांना सगळं सांगून बघितलं. ते तीन मॅनेजर जेवून निघून जातील. पुण्याच्या कंपन्या टपून बसल्यात. माझी चार माणसं या कामावर आहेत. माझं त्यांना पटत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पटूनही हलत नव्हते. अशा माणसाशी बोलायचं कसं ते मला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी माझी जीभ सुटली. "परत आलात तेव्हा या गावात कुत्रं विचारत नव्हतं तुम्हाला. मी बसवलं खुर्चीत."

"खरं हाय," ते म्हणाले.

मी हातातला डबा शेडच्या पत्र्यावर फेकला. पत्रा वाजला, गेटवरचा वॉचमन डोकावून गेला.

"मला एकदा विचारलं असतंत, भोंगे किती, तर हे झालं असतं का?"

चाचांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलं असतंस?"

दोन, असंच सांगितलं असतं. कागदावर दोन होते, तेवढं कारण मला पुरलं असतं.

"महिनाभर येतोय इथे," ते म्हणाले, "एकदा मान वर केली असती तर दिसला असता. मी पण कागदच बघितला. ते माझं चुकलंय. आता तू जाऊन साहेबांना सांग. तीनला पाच कमी असताना परत तालीम घ्या म्हणावं. तू सांगितलंस तर बरं."

घड्याळात दोन चाळीस झाले होते. मी बसून राहिलो. पावणेतीनला ते उठले. मी त्यांची बाही पकडली. जोरात पकडली, खोटं कशाला सांगू.

"सोड, ठेकेदार. शर्ट मुलीने पाठवलाय."

मी सोडली.

साहेब वैतागले. लोकांना पुन्हा उन्हात काढायचं, शिवाय पाहुण्यांसमोर. पण चाचा दारातून हलेनात. तीनला पाच कमी असताना ऑपरेटरने पुन्हा तापमान चढवलं. पडदा लाल झाला. भोंगा उठला. मी कंट्रोल रूमच्या मागच्या दारातून भिंतीपाशी धावलो, कारण मला आत उभं राहवेना.

भिंतीपलीकडे बिरवाडीची माणसं दुसऱ्यांदा घराबाहेर पडत होती, कुरकुरत. वहिनी दिसली. हात पिठाचे, पदर खोचलेला. मैदानाच्या रस्त्याला लागली. सगळं ठीक चाललं होतं. मी मनातल्या मनात त्या भोंग्याला म्हणत होतो, थांबू नको. यंत्राला असं म्हणतात का? मी म्हणत होतो.

तीन वाजले. आवाजात काहीच फरक पडला नाही. मला वाटलं, चाचा चुकले. अर्धं मिनिट मी जिंकलो होतो.

मग भोंगा थांबला.

एवढ्या मोठ्या आवाजानंतरची शांतता कान दुखवते. रस्त्यावरच्या बायका थबकल्या. एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी हसलं. वहिनीने भिंतीपाशी मला बघून हाक मारली, "भावजी, झालं ना तुमचं? भाकरी तव्यावर ठेवून आलेय हो!" आणि वळली. सगळ्या वळल्या. बरोबरच होतं त्यांचं. भोंगा थांबला की संपलं, असंच त्यांना सांगितलेलं होतं.

मी मागे बघितलं. दारातून पडदा दिसत होता. लालच. एक्क्याण्णव.

आणि गेट उघडं होतं. गळतीचा भोंगा चालू असेपर्यंत वॉचमनने दुसऱ्या पाळीला बाहेर अडवून ठेवलं होतं. भोंगा गप्प झाल्यावर त्याने आडवा दांडा वर केला. डबे हलवत, बोलत, ती माणसं टाकीच्या अंगाने आत चालत आली. त्यांत माझा भाऊ होता. मला बघून त्याने हात हलवला. "काय रे, लय आवाज करतोस!"

टाकीत त्या दिवशी काही झालेलं नव्हतं. तापमान खोटं होतं, मला माहीत होतं. तरी मी ओरडलो, "दादा, मागे हो! मागे!" तो गोंधळून जागच्या जागी उभा राहिला.

साहेब दारात आले होते. त्यांनी आधी लाल पडदा बघितला, मग आत येणारी माणसं. त्यांचा आवाज चढला नाही.

"ही कुणाची चूक?"

चाचा म्हणाले, "चाचण्या माझ्या. कागदावर दोन भोंगे होते म्हणून मी दोन खोटे केले. वर बघितलं नाय, ती माझी चूक. खरा एकच का लागला, ते यांना विचारा."

मी वाट बघत होतो की ते आणखी काहीतरी म्हणतील. असं म्हणतील की यांनी घाईत केलं, की भोंगा मिळाला नसेल. एवढं तर कोणीही म्हणतो. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. तिन्ही पाहुणे माझ्याकडे बघत होते. भाऊही.

"गिरणीचा मिळाला," मी म्हणालो. "मोठा होता. मला वाटलं एकाने भागेल."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात फिरवून बघितलं. त्यात एकही शब्द कमी करता येत नाही.

साहेबांनी आठ दिवस दिले. पाहुणे चहा न घेता गेले. त्यांच्यापैकी एकाचंही काम मला मिळालं नाही. गेटबाहेर मी चाचांना म्हणालो, "उद्यापासून येऊ नका." त्यांनी टोपी घातली आणि रिक्षा थांब्याकडे चालू लागले. मागे वळतील असं वाटलं होतं. कुणीही वळतं.

माझा राग हा आहे. ते चुकीचं बोलले असते तर मी त्यांना उभं चिरलं असतं, पण ते एक अक्षर चुकीचं बोलले नाहीत. माणसाने समोरच्याला थोडी जागा द्यायची असते. भाव पाडणारा मीसुद्धा शेवटी समोरच्याला काहीतरी सोडून देतो, त्याने घरी जाऊन सांगावं म्हणून. चाचांनी मला काही सोडलं नाही. चहावाल्याला सोडलं नाही, पोटच्या मुलीसाठी बोलताना स्वतःच्या आवाजालाही सोडलं नाही, तर मला काय सोडणार, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं बरोबर आहे. राग त्याने कमी होत नाही.

सहाव्या दिवशी मी दुसरा भोंगा बिरवाडीच्या भिंतीवर लावला. नवा, लहान, चांगला. तारा वेगळ्या केल्या. दुकानात चाचांचं चाचणीचं पान उघडलं, आता काय काय बदलावं लागेल ते बघायला. काहीच नाही. सगळ्या ओळी हिरव्या. एक अक्षर बदलावं लागलं नाही. त्यांच्या पानात भोंगे पहिल्यापासून दोनच होते.

आठव्या दिवशी तीनला पाच कमी असताना तालीम झाली. भिंतीवरचा भोंगा उठला. तीन वाजता छपरावरचा गिरणीचा त्याच्यात मिसळला, अर्ध्या मिनिटाने थांबला, आणि भिंतीवरचा वाजतच राहिला. बारीक आवाजाचा, चिवट. साहेब पाच मिनिटं घड्याळ हातात धरून उभे होते. दुसरी पाळी गेटबाहेरच उभी होती. मग त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "तुमचे ते गृहस्थ कुठे आहेत?"

"तब्येत बरी नाही त्यांची."

साहेबांनी एका सहीवर कागद मंजूर केला.

मी वहिनीकडे गेलो. जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते कुणाला तरी दाखवायचं होतं. वहिनीने पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "ते तुमचे चाचा कुठे राहिले? जेवायला आणा की त्यांना."

"चाचा? ते आलेच नाहीत."

"आले नाय कसे? मैदानात आमच्यातच होते उभे. दोनच्या यष्टीने आले. मी म्हटलं, घरी या, पाणी घ्या, तर नुसतं बोट वर केलं, गप्प बस म्हणून. मोठा भोंगा थांबला तेव्हा चार जणी निघाल्या परत, मागच्या वेळसारख्या. तर हे हात पसरून आडवे! 'दुसरा वाजतोय, ऐका, दुसरा वाजतोय.' म्हातारी कोंडाबाई शिव्या द्यायला लागली, तरी हलले नाय. शेवटपर्यंत तसेच उभे, हात पसरून."

"मग?"

"मग थांबला भोंगा. तेव्हा हात खाली घेतले."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"मी विचारलं, भावजींना भेटत नाय का? म्हणाले, 'त्याचं काम आज बरोबर हाय. आता भेटून काय करू?'"

मी पाणी न पिताच उठलो. बिरवाडीच्या फाट्यावर पोचलो तेव्हा महाडची एसटी निघून गेली होती. धूळसुद्धा खाली बसली होती. तरी घाई करण्यासारखं काही नव्हतं, कारण चाचांचं घर माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि अजूनही आहे. ती दहा मिनिटं मी अजून चाललेलो नाही.